अमेरिकी स्टॉक कार चालकाची कारकीर्द कशी वाचावी

रत्नागिरी जिल्ह्यातील एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मी मोटर मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकवतो. इंजिनाचा एखादा धडा संपला की वर्गातल्या मुलांना अमेरिकेत स्टॉक कारच्या शर्यती भरवणाऱ्या नॅस्कार या संघटनेच्या शर्यतींच्या चित्रफिती दाखवण्याची माझी पद्धत आहे, कारण पुढे बसवलेले आठ सिलिंडरचे इंजिन, मागच्या चाकांना मिळणारी शक्ती आणि जॅक मारून काही सेकंदांत चारही चाके बदलणारी माणसे एकदा पाहिली की फळ्यावरची आकृती समजावताना फारसे कष्ट पडत नाहीत. अशाच एका तासाला मी रॉस चेस्टेन या चालकाचा वर्षवार तक्ता पडद्यावर लावला होता. चिपळूणकडचा एक मुलगा तो बराच वेळ निरखत बसला आणि मग म्हणाला, "सर, २०११ पासून हा गाडी चालवतोय आणि २०१८ च्या सप्टेंबरपर्यंत एक पण शर्यत जिंकला नाही. मग ह्याला दर वर्षी गाडी देतो कोण?"

त्या प्रश्नाचे उत्तर तक्त्यात कुठेही लिहिलेले नव्हते. तक्त्यात किती शर्यतींत भाग घेतला, किती जिंकल्या, कितव्या क्रमांकावर संपवल्या एवढेच असते. गाडी कोणाची होती, पैसा कोणी लावला आणि त्या गाडीत पहिल्या दहांत येण्याची ताकद होती की नाही, हे आपल्याला बाहेरून शोधून आणावे लागते. त्या दिवसापासून आम्ही वर्गात कारकीर्द वाचण्याची एक रीत बसवली आणि गेली काही वर्षे ती पाळत आलो आहोत. ज्यांना एखाद्या चालकावर लेख किंवा शाळेच्या हस्तलिखितासाठी टिपण लिहायचे आहे, किंवा नुसतेच जाणतेपणाने शर्यती पाहायच्या आहेत, त्यांच्यासाठी ती रीत येथे देत आहे. तिचा मुख्य नियम असा की विजयांचा रकाना सर्वांत शेवटी वाचायचा.

वही आखून घेणे

दुकानदार हिशेबासाठी वापरतात तशी लांब पानांची चोपडी घ्यावी. डाव्या पानावर अधिकृत तक्ता जसाच्या तसा उतरवावा: वर्ष, मालिका, शर्यती, विजय, पहिल्या पाचांत, पहिल्या दहांत, पोल, आघाडीवर काढलेल्या फेऱ्या, अर्धवट सुटलेल्या शर्यती, वर्षअखेरचा क्रमांक. उजवे पान मात्र कोरे ठेवून त्यावर आपले रकाने आखावेत. त्यात गाडीचा मालक, प्रायोजक, क्रू चीफ (गाडीची तयारी आणि डावपेच पाहणारा प्रमुख), ट्रॅकचा प्रकार आणि घडलेली हकीकत एवढे पुरते. हे उजवे पान भरण्यातच खरे काम आहे.

हर्णै बंदरात संध्याकाळचा मासळीचा लिलाव ज्याने जवळून पाहिला आहे, त्याला या पानाची गरज पटवून द्यावी लागत नाही. बोट कोणाची, तांडेल कोण, डिझेल कोणाच्या उधारीवर भरले, जाळे कधीचे आणि खलाशी किती दिवसांचे जुने, हे कळल्याशिवाय एका फेरीत आलेल्या मासळीवरून कोणीही तांडेलाची पारख करत नाही. स्टॉक कारमध्ये चालक हा तांडेल असतो. बोट बहुतेक वेळा दुसऱ्याची असते, आणि नॅस्कार मालकांचे गुण चालकांच्या गुणांपेक्षा वेगळे मोजते ते याच कारणाने.

नावांमुळे होणारी गल्लत

नवख्या वाचकाची पहिली चूक मालिकांच्या नावांत होते, म्हणून ती आधी निस्तरून घ्यावी. नॅस्कारच्या तीन राष्ट्रीय मालिका आहेत. सर्वांत वरची ती कप मालिका, तिच्याखाली दुसरी मालिका आणि तिसरी, १९९५ मध्ये सुरू झालेली, पिकअप ट्रकची. वरच्या मालिकेची सुरुवात १९४९ मध्ये 'स्ट्रिक्टली स्टॉक' या नावाने झाली, कारण दुकानात विकायला ठेवलेली गाडी आहे तशी पळवायची असा तेव्हाचा नियम होता. पुढे तिला ग्रँड नॅशनल म्हणू लागले. १९७१ पासून विन्स्टन कप, २००४ पासून नेक्स्टेल कप, २००८ पासून स्प्रिंट कप, २०१७ पासून मॉन्स्टर एनर्जी कप आणि २०२० पासून नुसती कप सिरीज अशी तिची नावे प्रायोजकांबरोबर बदलत गेली. मालिका एकच आहे. दुसऱ्या मालिकेच्या नावातही एके काळी 'ग्रँड नॅशनल' हे शब्द होते, त्यामुळे त्या काळातील विजय कपच्या खात्यात टाकण्याची चूक सहज घडते.

तिन्ही मालिकांना वहीत स्वतंत्र पाने द्यावीत. त्यांची बेरीज करून 'एकूण इतके विजय' असे लिहू नये, कारण ट्रक मालिकेतील विजय आणि कपमधील विजय यांचे वजन सारखे नसते.

काळ आधी, आकडा नंतर

आता वर्षांकडे वळावे. रिचर्ड पेटी यांच्या नावावर कप मालिकेत २०० विजय आहेत, जिमी जॉन्सन यांच्या नावावर ८३. अजिंक्यपदे मात्र दोघांचीही ७. हे आकडे शेजारी ठेवून पेटी अडीच पट मोठे होते असे म्हणणे चुकीचे ठरेल. १९६७ मध्ये पेटी यांनी ४८ शर्यतींत भाग घेऊन २७ जिंकल्या आणि त्यांतल्या १० ओळीने जिंकल्या, ही अचाट कामगिरीच आहे. परंतु त्या काळी हंगामात लहान गावांतल्या मातीच्या आणि अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवरील छोट्या शर्यती पुष्कळ असत, आणि त्यांतल्या कित्येकांत चांगल्या कारखान्याचे पाठबळ असलेल्या गाड्या मोजक्याच उतरत. १९७१ मध्ये ४८ शर्यती होत्या, १९७२ मध्ये त्या ३१ वर आल्या. त्या वर्षापासून 'आधुनिक काळ' मोजण्याचा प्रघात आहे, तेव्हा वहीत १९७१ आणि १९७२ यांच्यामध्ये एक ठळक रेघ ओढून घ्यावी.

विजयांचे शर्यतींशी प्रमाण काढले तर आणखी एक गोष्ट दिसते. डेव्हिड पियर्सन यांनी ५७४ शर्यतींत १०५ जिंकल्या, म्हणजे शंभरात १८ हून थोड्या अधिक. पेटी यांचे हेच प्रमाण शंभरात सुमारे १७ पडते. पियर्सन अनेक वर्षे पूर्ण हंगाम खेळत नसत, मोठ्या शर्यती निवडून उतरत. म्हणून प्रमाणावरूनही निकाल लावण्याची घाई करू नये, पण दोघांची नावे एका दमात घेतली जातात त्यामागचे कारण या भागाकाराने कळते.

काळ समजून घेण्यासाठी मी मुलांना समुद्रावर नेतो. नॅस्कारची स्थापना ज्या गावात झाली, त्या फ्लोरिडातील डेटोना बीचवर १९३६ पासून १९५८ पर्यंत स्टॉक कारच्या शर्यती खरोखरच वाळूवरून होत. अर्धी फेरी किनाऱ्याला लागून गेलेल्या डांबरी रस्त्यावरून, मग वाळूतले वळण घेऊन उरलेली अर्धी पुळणीवरून. शर्यतीची वेळ ओहोटी पाहून ठरवावी लागे. अलिबाग-मुरूड पट्ट्यात पुळणीवर बैलगाड्यांच्या शर्यती पाहिलेल्या माणसाला हे लगेच उमगते. ओहोटी लागल्यावर पाण्यालगतच्या ओल्या पट्ट्यावर टाच दाबून पाहावी. पायाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी, पांढुरकी पडते आणि पाऊल रुतत नाही. तिथून दहा पावले वर, सुरूच्या झाडांकडच्या कोरड्या वाळूत तीच टाच घोट्यापर्यंत आत जाते. दर मोसमात पर्यटकांच्या गाड्या रुततात त्या याच दहा पावलांत, आणि भरती चढू लागली की ट्रॅक्टर आणायलाही उसंत मिळत नाही. १९३६ च्या पहिल्या शर्यतीत डेटोनाचेही असेच झाले. वाळूतली वळणे इतकी उखडली की शर्यत ठरलेल्या फेऱ्यांआधीच थांबवावी लागली. त्या शर्यतीत पाचवे आलेले बिल फ्रान्स यांनीच पुढे नॅस्कार उभी केली. तेव्हा १९५८ पर्यंतच्या चालकाच्या तक्त्यात डेटोना हा शब्द दिसला की उजव्या पानावर 'वाळू' असे लिहावे, आणि १९५९ पासून अडीच मैलांचा, ३१ अंशांच्या कलत्या वळणांचा डांबरी ट्रॅक.

रकाने कसे वाचावेत

शर्यतींच्या रकान्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. पूर्वी आलेल्या सगळ्याच गाड्यांना मैदानात जागा मिळत नसे आणि पात्रता फेरीत मागे पडलेला चालक रिकाम्या हाताने घरी जाई, एवढे ध्यानात ठेवावे. २०१६ पासून ३६ गाड्यांना हमखास जागा आणि एकूण मर्यादा साधारणपणे ४० अशी व्यवस्था आहे. पोल म्हणजे पात्रता फेरीत मिळवलेली पहिली जागा, तीही पटकन पाहून पुढे जावे.

अर्धवट सुटलेल्या शर्यतींच्या रकान्यावर मात्र थांबावे. तिथे कारणही दिलेले असते, जसे अपघात, इंजिन, ब्रेक, कंपन, तापमान. एखाद्या लहान संघाच्या चालकाच्या खात्यात सलग सात-आठ शर्यतींत वीस-पंचवीस फेऱ्यांनंतर 'कंपन' किंवा 'ब्रेक' असे लिहिलेले दिसले, तर गाडी दर आठवड्याला बिघडत होती असा अर्थ काढू नये. २००९ नंतरच्या मंदीच्या काळात काही संघ शर्यत सुरू करून थोड्याच वेळात गाडी आत घेत, कारण शेवटच्या क्रमांकाचेही बक्षीस मिळत असे आणि पूर्ण शर्यतीच्या टायरचा खर्च त्यांना झेपत नसे. तिथे चालकाच्या हाती काही नसते. पुढच्या हंगामात कोणी तरी बरी गाडी देईल या आशेवर तो त्या वीस फेऱ्या चोख काढत असतो, आणि अशा वर्षांकडे मी नेहमी आदराने पाहत आलो आहे.

आघाडीवर काढलेल्या फेऱ्या हा माझ्या मते तक्त्यातला सर्वांत बोलका रकाना. विजय शेवटच्या फेरीत हुकू शकतो, पण शंभर फेऱ्या पुढे राहिलेली गाडी आणि माणूस दोन्ही त्या दिवशी सरस होते हे तो रकाना सांगतो. त्याचे मोल १५ नोव्हेंबर १९९२ रोजी अटलांटात दिसले. वर्षातली ती शेवटची शर्यत होती. रिचर्ड पेटी यांची अखेरची आणि जेफ गॉर्डन यांची कप मालिकेतली पहिली शर्यतही तीच. अ‍ॅलन कुलविकी हे अभियांत्रिकीची पदवी घेतलेले आणि स्वतःच्याच संघाची गाडी चालवणारे गृहस्थ होते. त्यांनी १०३ फेऱ्या आघाडीवर काढल्या, बिल एलियट यांनी १०२. शर्यत एलियट जिंकले, कुलविकी दुसरे आले, परंतु सर्वाधिक फेऱ्या आघाडीवर राहिल्याबद्दलचे ५ जादा गुण त्या एका फेरीमुळे कुलविकी यांना मिळाले आणि १० गुणांच्या फरकाने अजिंक्यपद त्यांचे झाले. कारकिर्दीत फक्त ५ विजय असलेला हा माणूस विजेतेपदापर्यंत कसा गेला, हे विजयांच्या रकान्यातून कधीच कळणार नाही. इंधनासाठी आत केव्हा यायचे आणि त्याआधी नेमक्या किती फेऱ्या पुढे राहायचे, याचा हिशेब शर्यत चालू असताना त्यांच्या संघाने मांडला होता. पुढच्याच वर्षी, १ एप्रिल १९९३ रोजी, विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

ट्रॅक वेगळा तर विजय वेगळा

उजव्या पानावर ट्रॅकचा प्रकार लिहायचा तो अशासाठी की मार्टिन्सव्हिलची एक फेरी ०.५२६ मैलांची, म्हणजे साधारण ८४५ मीटरची आहे, तर टॅलाडेगाची २.६६ मैलांची, म्हणजे सव्वाचार किलोमीटरहून जास्त. एकीकडे वळणांना फक्त १२ अंशांचा कल आणि ब्रेक सांभाळण्याची कसोटी. दुसरीकडे पाय न उचलता तासन्‌तास एकमेकांना चिकटून चाललेला गाड्यांचा जथा. टॅलाडेगात १९८७ मध्ये बिल एलियट यांनी पात्रता फेरीत ताशी २१२.८०९ मैल, म्हणजे सुमारे ३४२ किलोमीटरचा वेग गाठला. त्याच शर्यतीत बॉबी अ‍ॅलिसन यांची गाडी हवेत उडून प्रेक्षकांसमोरच्या कुंपणाला धडकली, आणि पुढच्या वर्षापासून टॅलाडेगा व डेटोना येथे इंजिनात जाणारी हवा कमी करणारी भोके पाडलेली पट्टी सक्तीची झाली. मुलांना मी हे कार्बोरेटर उघडून दाखवतो, कारण हवा अडली की पेट्रोलही तेवढेच कमी जळते आणि सगळ्यांची ताकद जवळपास सारखी होते, ही गोष्ट शब्दांपेक्षा हाताने लवकर कळते. ताकद सारखी झाल्यावर लहान संघालाही संधी मिळते. म्हणून या दोन ट्रॅकवरचे विजय वहीत वेगळ्या शाईने लिहावेत. ते हलके नसतात, मात्र ते दुसऱ्याच विद्येचे असतात.

डार्लिंग्टनची गोष्ट इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. १९५० मध्ये सुरू झालेला हा ट्रॅक अंड्याच्या आकाराचा आहे, कारण जमीनमालकाने आपल्या छोट्या माशांच्या तळ्याला धक्का लावायचा नाही अशी अट घातली होती आणि एका टोकाचे वळण आवळून घ्यावे लागले. त्यामुळे दोन टोकांना गाडी वेगवेगळी वागते, आणि एका टोकासाठी सस्पेन्शन बसवले की दुसऱ्या टोकाला चालकाला स्वतःच्या हातांनी ते सांभाळून न्यावे लागते. तक्त्यात डार्लिंग्टनचे क्रमांक सातत्याने चांगले असतील तर चालकाच्या हातांविषयी बरेच काही कळते.

मालक आणि पैसा

आता मुलाच्या प्रश्नाकडे. रॉस चेस्टेन फ्लोरिडातील अल्वा गावच्या, पिढ्यान्‌पिढ्या कलिंगडाची शेती करणाऱ्या कुटुंबातले आहेत. शर्यत जिंकली की ते गाडीवर चढून कलिंगड ट्रॅकवर आपटून फोडतात; भात कापल्यावर त्याच जमिनीत कलिंगड लावणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला ते पाहून क्षणभर वाईट वाटेल, पण त्यामागची भावना आपण कामाच्या आरंभी नारळ वाढवतो तशीच आहे. २०११ मध्ये ट्रक मालिकेत त्यांची पहिली शर्यत झाली. २०१५ पासून दुसऱ्या मालिकेत, जी तेव्हा एक्सफिनिटी म्हणून ओळखली जाई, ते जेडी मोटरस्पोर्ट्स या लहान संघाची ४ क्रमांकाची गाडी चालवत होते. डावे पान वाचले तर या वर्षांत विजयांच्या रकान्यात शून्यांची रांग लागते. उजव्या पानावर 'संघ लहान, प्रायोजक तुटपुंजे' असे लिहिल्यावर तीच रांग निराळी दिसू लागते, कारण तशा गाडीतून पंधरावा-विसावा क्रमांक आणणे हे जाणकार मालकांना दिसत होते. गाडी देतो कोण, याचे अर्धे उत्तर हेच की गाडी मोडून न आणता तिच्या ताकदीपेक्षा दोन-चार क्रमांक वर नेणाऱ्या चालकाची लहान मालकालाही गरज असते.

उरलेले अर्धे उत्तर २०१८ च्या सप्टेंबरमध्ये मिळते. चिप गनासी यांच्या मोठ्या संघाने त्यांना तीन शर्यतींपुरती आपली ४२ क्रमांकाची गाडी दिली. पहिली शर्यत डार्लिंग्टनला. चेस्टेन यांनी पोल मिळवली, ९० फेऱ्या आघाडीवर काढल्या आणि मग केविन हार्विक यांच्याशी झालेल्या टकरीत २५ व्या क्रमांकावर घसरले. निकालपत्रात २५ हाच आकडा राहिला. दोन आठवड्यांनी लास व्हेगासला तीच गाडी घेऊन त्यांनी शर्यत जिंकली. माणूस तोच, वर्ष तेच. लहान संघातल्या शर्यतींच्या मानाने बदलली होती ती फक्त गाडी. हा उतारा वर्गात वाचून झाला तेव्हा प्रश्न विचारणारा मुलगा काही बोलला नाही, त्याने आपल्या वहीत मालकाचा रकाना थोडा रुंद करून घेतला.

२०१९ साठी त्यांना ती जागा पूर्ण हंगामभर मिळणार होती. डिसेंबर २०१८ मध्ये तपास यंत्रणांनी त्या संघाच्या प्रायोजक कंपनीवर छापा घातला, पैसा आटला आणि जागा गेली. असे वर्ष तक्त्यात दिसत नाही, तिथे फक्त एक मोकळी जागा असते. म्हणून चालकाच्या कारकिर्दीत अचानक मालिका किंवा गाडीचा क्रमांक बदललेला दिसला की आधी प्रायोजकाची बातमी शोधावी, मग चालकाच्या कामगिरीवर बोलावे. चेस्टेन त्या वर्षी ट्रकमध्ये परतले. चालकाला एका हंगामात एकाच मालिकेत गुण मिळतात. त्यांनी आधी एक्सफिनिटी निवडली होती, त्यामुळे मे महिन्यात कॅन्ससला ट्रकमध्ये जिंकूनही अजिंक्यपदाच्या हिशेबात त्यांच्या नावावर काही जमा झाले नाही. जूनमध्ये निवड बदलून त्यांनी आयोवाची शर्यत जिंकली, तर तपासणीत ट्रकचा पुढचा भाग नियमापेक्षा खाली भरला आणि विजय काढून घेण्यात आला. पुढच्याच आठवड्यात गेटवेला ते पुन्हा जिंकले. त्या वर्षअखेरीस ते दुसरे आले, आणि पहिले आलेले मॅट क्राफ्टन यांनी त्या हंगामात एकही शर्यत जिंकलेली नव्हती.

गुणपद्धती

शेवटच्या वाक्यामुळे गोंधळलेल्या वाचकाने वर्षअखेरच्या क्रमांकाशेजारी त्या वर्षीची गुणपद्धती लिहून ठेवावी. १९७५ पासून २०१० पर्यंत एकच मूळ कोष्टक होते आणि त्यात सातत्याला मोठे मोल होते. २००३ मध्ये मॅट केन्सेथ फक्त १ विजयावर अजिंक्य ठरले, आणि २००४ पासून अखेरच्या १० शर्यतींसाठी निवडक चालकांचे गुण नव्याने मांडण्याची पद्धत आली. २०११ मध्ये गुणांचे कोष्टक बदलले, २०१४ मध्ये बाद फेऱ्या आल्या, २०१७ पासून शर्यतीच्या टप्प्यांनाही गुण मिळू लागले. मार्क मार्टिन यांची कप मालिकेतली ४० विजयांची कारकीर्द याच रकान्यामुळे अनेकांकडून चुकीची वाचली जाते. ते पाच वेळा दुसरे आले, कधीच पहिले नाहीत. १९९० मध्ये डेल अर्नहार्ट यांच्यापेक्षा ते २६ गुणांनी मागे पडले, आणि त्याच हंगामात रिचमंडला कार्बोरेटरखालच्या स्पेसरच्या नियमभंगाबद्दल त्यांचे ४६ गुण कापले गेले होते. वजाबाकी वाचकाने स्वतः करावी.

निकालपत्र आणि ट्रॅक

निकालपत्र आणि डोळ्यांना दिसलेली शर्यत यांत फरक पडला, तर दोन्ही लिहावे. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी मार्टिन्सव्हिलला शेवटच्या फेरीत चेस्टेन दहावे होते आणि अजिंक्यपदाच्या अंतिम चौघांत जाण्यासाठी त्यांना दोन जागा कमी पडत होत्या. त्यांनी गिअर वर टाकला, गाडी बाहेरच्या भिंतीला टेकवली, पाय दाबून ठेवला आणि भिंतीच्या आधाराने शेवटची दोन वळणे काढली. लहानपणी व्हिडिओ गेममध्ये केलेली ही युक्ती होती असे त्यांनी नंतर सांगितले. ती फेरी १८.८४५ सेकंदांची होती. ते पाचवे आले. पुढचे ब्रॅड केसेलोव्स्की यांची गाडी वजनात कमी भरून बाद झाल्याने निकालपत्रात चेस्टेन चौथे आहेत. पुढच्या जानेवारीत नॅस्कारने अशा कृतीला सुरक्षेच्या नियमाखाली दंड होईल असे जाहीर केले. एवढ्या सगळ्यासाठी डाव्या पानावर फक्त '४' हा आकडा आहे.

वेंडेल स्कॉट यांच्या बाबतीत हा फरक फार क्लेशदायक आहे. १ डिसेंबर १९६३ रोजी जॅक्सनव्हिल येथे ते जिंकले, पण विजेता म्हणून बक बेकर यांचे नाव पुकारले गेले. प्रेक्षक पांगल्यावर फेऱ्यांची मोजणी चुकल्याचे मान्य करून विजय स्कॉट यांच्या नावे लिहिला गेला, करंडक मात्र मिळाला नाही. वरच्या मालिकेत जिंकणारे ते पहिले कृष्णवर्णीय चालक होते. स्वतःची गाडी, जुने सुटे भाग, स्वतःचे हात आणि पिटमध्ये, म्हणजे शर्यतीत चाके बदलायला व इंधन भरायला गाडी थांबते त्या जागी, त्यांचीच मुले, एवढ्या बळावर त्यांनी ४९५ शर्यती काढल्या. त्यांत १४७ वेळा ते पहिल्या दहांत आले. १९९० मध्ये त्यांचे निधन झाले आणि करंडक त्यांच्या कुटुंबाच्या हाती २०२१ मध्ये पडला. स्कॉट यांची कारकीर्द लिहिताना 'विजय: १' एवढे लिहून जो थांबेल, त्याने ती वाचलेलीच नाही असे मी म्हणेन.

थेट पाहण्याविषयी

तिकडे रविवारी दुपारी अडीचला सुरू होणारी डेटोना ५०० आपल्याकडे रविवारी मध्यरात्र उलटल्यावर एक वाजता लागते. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून तिकडची घड्याळे एक तास पुढे जातात, तेव्हा आपला फरक साडेनऊ तासांचा होतो. पाहताना पुढच्या गाडीवरच नजर ठेवू नये. आपल्या चालकाची गाडी पिटमध्ये कितवी शिरली आणि कितवी बाहेर पडली, एवढेच दोन आकडे दर वेळी लिहावेत. त्यातून चाके बदलणाऱ्यांचे काम चालकाच्या खात्यातून वेगळे काढता येते. कप मालिकेत २०२१ पर्यंत प्रत्येक चाकाला पाच नट असत, २०२२ पासून मधोमध एकच आहे.

२५ मे २०२५ ची शार्लटची ६०० मैलांची शर्यत आपल्याकडे २६ तारखेला पहाटे साडेतीनला सुरू होणार होती. त्याच रविवारी मोसमी पाऊस देवगडपर्यंत पोहोचल्याचे जाहीर झाले होते, आणि आमच्याकडे रात्रभर कौलांवर पाणी कोसळत होते. वीज गेली, मोबाइलची रेंज गेली, आणि दुपारी ती परत आली तेव्हा माझ्या हाती प्रथम निकालपत्रच आले. चेस्टेन: सुरुवात ४०, शेवट १. त्याच चिपळूणच्या मुलाला, जो आता लोट्याला एका कारखान्यात कामाला आहे, मी फोन करून आकडे सांगितले. त्याने विचारले, "सर, चाळीसावा म्हणजे शेवटचा. गाडी बदलली काय?" बदलली होती. शनिवारच्या सरावात गाडी भिंतीवर आदळली आणि संघाने रात्र जागून पर्यायी गाडी उभी केली. विल्यम बायरन ४०० पैकी २८३ फेऱ्या आघाडीवर होते, आणि ६ फेऱ्या उरल्या असताना चेस्टेन त्यांच्या पुढे गेले. डाव्या पानावर मी १ हा आकडा सर्वांत शेवटी भरला. उजव्या पानावर क्रू चीफ फिल सर्जेन यांचे नाव, आणि हकिकतीच्या रकान्यात त्या मुलाने फोनवर सांगितलेले वाक्य: 'गाडी रात्री बांधली.'